सातव्या डब्यातले गहू

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की प्रस्तुत लेखकाने एक समकालीन कलाकृती खाल्ली आहे. चोरून नाही, चुकूनही नाही. मांडी घालून, वर तूप ओढून, चार माणसांच्या साक्षीने. सोबत मेथीची भाजी होती. कलाकृतीबद्दल तक्रार नाही. भाजीत मीठ कमी होतं.

हा कबुलीजबाब मी इतके दिवस दिला नाही, कारण या गुन्ह्यातली मुख्य आरोपी चारकोपला पिठाची गिरणी चालवायची आणि माझं दळण तिच्याकडेच जायचं. पिठाच्या गिरणीवालीशी वैर धरणारा माणूस मुंबईत सुखाने जेवू शकत नाही. आता ती गिरणी बंद करून मालवणकडे गावी गेली. जाताना गिरणीचे दगड टेम्पोत घालून घेऊन गेली. टेम्पोवाला वैतागून म्हणाला, "मावशी, दगड कशाला? गावाला दगड नाहीत काय?"

"आसत," ती म्हणाली. "पण ते शिकलेले नायत."

सगळा सेक्टर तिला मावशीच म्हणायचा, मीही तेच म्हणतो. एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत तिची गिरणी. छताजवळची कोळिष्टकं पीठ खाऊन खाऊन सुतळीएवढी जाड झालेली. मावशीच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पांढरं. दुपारी एक वाजता गिरणी थांबवून ती तोंड धुवायची आणि टॉवेलमधून दहा वर्षांनी लहान बाई बाहेर यायची. चार वाजता पुन्हा म्हातारी व्हायला बसायची.

मावशीला डब्यांवरची नावं वाचायची सवय नव्हती. नावं, चिठ्ठ्या, खडूचे आकडे, सगळं तिच्या मते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ती डबा ओळखायची पोच्यांवरून. "हा आमच्या शिक्षकांचा, ह्याचं नाक बसलंय," असं माझ्या डब्याबद्दल ती माझ्यादेखत सांगायची. कुणी नवा डबा घेतला की बायका तो घेऊन रीतसर ओळख करून द्यायला यायच्या. "मावशी, हा आमचा नवीन हां." मावशी तो फिरवून फिरवून बघायची, आणि एकही पोचा सापडला नाही तर काउंटरच्या कडेवर हलकेच एक आपटून द्यायची. प्लास्टिकच्या डब्याचा तिला मनापासून तिरस्कार. पडला तरी चेहरा बदलत नाही, म्हणायची, असल्याचा भरवसा काय?

तिचे प्रश्न तीन, आणि ते कुणालाही चुकले नाहीत. निवडलेलं आहे का? जाड की बारीक? आणि कशाला हवंय? भाकरीला, चपातीला, लाडवांना, चकलीला, जे असेल ते सांगायचं. "कशालाही चालेल" असं म्हणणाऱ्याचा डबा ती सरळ बाजूला ठेवायची. "घरी जाऊन विचारून या." एरवी ती आपल्यासारखी मुंबईची मराठी बोलायची, पण राग आला किंवा माया आली की मालवणी. बहुतेक वेळा दोन्ही एकदमच येत असल्यामुळे यातलं नेमकं काय आलंय ते कळायला मला काही वर्षं लागली.

"गिरणीक काय कळता?" ती म्हणायची. "वतशात ता दळता. कळाक व्हया ता माका."

आणि तिला कळायचं. आमच्याच सोसायटीत एका घरात सासू-सुनेचं इतकं बिनसलं की एका ओट्यावर दोन स्वयंपाक सुरू झाले. गिरणीत एकाच घरचे दोन अर्धे डबे यायला लागले. सासूला जाड हवं, सुनेला बारीक. मावशीने दोन-तीन वेळा निमूट दळून दिलं. मग एक दिवस दोन्ही डबे एकत्र ओतले, मध्यम दळले, आणि अर्धं अर्धं परत भरलं. दोघी वेगवेगळ्या येऊन सांगून गेल्या, "मावशी, या वेळी अगदी मला हवं तसं दळलंत." मावशीने ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. मी फक्त सतरा जणांना सांगितली.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्रकलेचे शिक्षक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी स्वतः चित्र काढणं सोडलं. दुसरे, ज्यांना ते सोडल्याचं अजून कळलेलं नाही. मी दुसऱ्या प्रकारातला. आर्ट स्कूलमधले आम्ही सातजण अजून अधूनमधून भेटायचो, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा दिशांनी येऊन एकमेकांना धीर द्यायचो. गॅलरी आम्हाला मिळत नव्हती. एका रविवारी दळणाच्या रांगेत उभा असताना माझी नजर मावशीच्या फळीवर गेली. डबे ओळीने बसलेले. प्रत्येकाचं झाकण बंद, प्रत्येकाच्या पोटात काहीतरी, आणि प्रत्येकासाठी कुणीतरी येणार. मला झटका आला. मी तिथेच म्हणालो, "मावशी, तुमच्या फळीवर आम्ही सात डबे ठेवू का? दहा दिवस. लोक येतील, झाकण उघडून आत बघतील. आत आमचं काम असेल."

"कशाला?" मावशी म्हणाली.

मी समकालीन कला, सार्वजनिक अवकाश, रोजचं जगणं असं बरंच काही बोललो. गिरणी चालू होती, त्यामुळे तिला त्यातलं काही ऐकू गेलं नाही आणि आमचं प्रदर्शन वाचलं. तिने फक्त अटी सांगितल्या. गिरणी बंद राहणार नाही. डबे बाकीच्या डब्यांतच बसतील, त्यांना वेगळी फळी नाही. आणि तिचे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारले जातील.

तर ते तीन प्रश्न. मी मोठमोठ्या समीक्षकांची भाषणं ऐकली आहेत, पण एवढी कडक परीक्षा कुठे बघितली नाही. मुलुंडच्या मैत्रिणीने मातीचे, भाजलेले, हुबेहूब गव्हासारखे दाणे केले होते, दोन किलो. मावशीने एक उचलला, दाढेखाली धरला आणि काढला. "सुंदर हां," म्हणाली. मग डब्याच्या कडीला लाल नाडी बांधली आणि तो अगदी वर, जिथे तिचा स्वतःचा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नव्हता तिथे ठेवला. "चुकून दगडात गेलं तर माझे दगड मरतील." घाटकोपरच्या मित्राने डब्यात छोटा स्पीकर बसवला होता, झाकण उघडलं की एका पूर्ण इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या. गिरणीच्या घरघरीत तो कान लावूनही ऐकू येईना. मावशीला त्याची दया आली. रोज एक वाजता, तोंड धुवायला जाण्याआधी, ती ते झाकण स्वतः उघडायची आणि टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत उभी राहायची. "तिसऱ्या मजल्यावरची डाळ करपली," असं एकदा म्हणाली. अंधेरीत भाड्याने राहत अकरा घरं बदललेल्या एकाने त्या सगळ्या घरांच्या चाव्या डब्यात टांगल्या होत्या. लोक ते बघून आपापला खिसा चाचपायचे. मावशीने विचारलं, "घरं सोडलीस तर चाव्या परत का नाही दिल्यास?" तो पुढचे दोन दिवस आलाच नाही.

आणि माझा डबा. आत तळाशी मी आकाश रंगवलं होतं, निळं, एक घार. "कशाला?" मावशीने विचारलं. गिरणी त्या वेळी बंद होती. मला काही सांगता येईना. "घरी जाऊन विचारून ये," ती म्हणाली. मी विचारून आलोही, पण घरच्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी तिने तो ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात चहाचे ग्लास. "घार दिसते अजून," मावशी म्हणाली. "ग्लास उचलला की."

सातवा डबा दीपकचा. दीपक माझा वर्गमित्र. गोरेगावला स्टुडिओत सेट रंगवतो. प्लायवूडवर विटांची भिंत काढावी तर त्यानेच. माणसं टेकायला जातात. पण वीस वर्षांत त्याच्या नावाने कुठे काही लागलं नव्हतं. त्याच्या डब्यात नुसते गहू. वरती चिठ्ठी, त्याच्या त्या देखण्या अक्षरात: "बाबांनी निवडलेले. शेवटचे."

दीपकचे वडील कापड गिरणीत होते, तयार कापड तपासायच्या खात्यात. ताग्यामागून तागा डोळ्यांखालून जायचा आणि एक तुटका धागा, एक डाग, एक गाठ सुटायची नाही. गिरणी बंद झाली आणि ते घरी बसले. डोळे मात्र घरी बसायला तयार नव्हते. त्यांनी बायकोच्या हातातलं ताट काढून घेतलं. तेव्हापासून घरातलं सगळं धान्य तेच निवडायचे, गॅलरीत, उजेडाकडे तोंड करून. मग काचबिंदूने एकेक करून दोन्ही डोळे नेले. हा डबा त्यांनी निवडलेला शेवटचा. त्यानंतर एक दिवस त्यांनी ताट मांडीवर घेतलं, थोडा वेळ बसले, आणि परत दिलं.

"मला तो डबा दळायला देता येईना यार," दीपक मला म्हणाला. "संपला तर संपलं ना सगळं. मी ठेवला माळ्यावर."

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"दळला म्हणून सांगितलं. बायको दुकानातून तयार पिठाची पिशवी आणते. बाबा रोज पहिला घास घेतात आणि म्हणतात, बघ, निवडलेल्या गव्हाची चपाती ही. जिभेला कळतं." तो हसायला लागला. मीही हसलो. मग तो थांबला, आणि मला थांबावं लागलं.

मावशीने त्याच्या डब्यातले मूठभर गहू ताटलीत ओतले. बोटाने पसरले. उलटे पसरले. चष्मा काढून फडक्याने पुसला, पुन्हा लावला. रांगेतल्या बायका ताटकळल्या.

"एक खडो नाय," ती म्हणाली. "कोणी निवडल्यान? ह्यो बायकांचो हात नाय."

"माझ्या बाबांनी."

"जाड की बारीक?"

"मावशी, दळायचे नाहीत. ही कलाकृती आहे."

"ता माका कळला," मावशी म्हणाली. "तेंका म्हायत आसा?"

तिने गहू एकेक दाणा गोळा करून परत भरले आणि डबा फळीवर ठेवला, बरोबर डोळ्यांसमोर, जिथे ती तातडीच्या दळणाचे डबे ठेवायची.

प्रदर्शन चाललं. अहो, चांगलं चाललं! दळणाला आलेले लोक झाकणं उघडायचे आणि बघायला आलेले लोक चुकून दुसऱ्यांची ज्वारी बघून जायचे. एका आजोबांनी बाजरीच्या डब्यासमोर बराच वेळ काढला, आणि डब्याची मालकीण मागे उभी राहून लाजत होती. पण दीपकच्या डब्याशी माणसं वेगळी व्हायची. हात घालायची. तसाच हात आत ठेवून उभी राहायची.

आठव्या दिवशी शहरातल्या एका गॅलरीच्या बाई आल्या. सुती साडी, मोठं कुंकू, पायांना पीठ लागू नये म्हणून उचलून टाकलेली पावलं. त्यांनी सातही डबे पाहिले. माझ्या डब्यातून एक ग्लास उचलून परत ठेवला. दीपकच्या डब्यात त्यांनीही हात घातला आणि त्यांचे डोळे भरून आले. नाटक नव्हतं ते. एरवी मी सांगितलं असतं.

"हे मला हवंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या प्रदर्शनात मधोमध ठेवू. रविवारी दुपारी गाडी पाठवते."

दीपकचा चेहरा मी पाहत होतो. वीस वर्षं प्लायवूडच्या विटा रंगवलेला माणूस. त्याला आधी हसू आलं, मग त्याने ते हाताने पुसलं.

तेवढ्यात मावशीने आपली ताटली पुढे केली. तिच्यात दीपकच्या डब्यातले गहू, आणि त्यात दोन सोंडेकिडे, आरामात चाललेले.

"कीड लागली," ती म्हणाली. "आठवडाभरात पोकळ करून टाकतील."

"त्याची काळजी नको," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे त्यावर औषध मारतात. मग काचेत बंद करतात. पन्नास वर्षं काही होणार नाही."

"औषध म्हणजे वीखच ना? मग खायचं कुणी?"

"खायचं नाहीच आहे, मावशी," बाई समजुतीने म्हणाल्या. "जपायचं आहे."

मावशी गप्प झाली. मावशी गप्प झाली की गिरणीचा आवाज वाढायचा. मग ती म्हणाली, "डबा देणार, पण निवडणाऱ्याच्या हातात. त्याने सांगितलं तर काचेत, नाहीतर दगडात. ज्याने निवडल्यान, त्याचं दळण. माझ्याकडे तोच कायदा."

बाई गेल्यावर दीपक माझ्याकडे वळला. "तू सांग. तूच आणलंस मला इथे."

आता मी या लेखात स्वतःला बरंच झाकून घेतलं आहे, पण इथे नाही. मी म्हणालो, "दे गॅलरीला. बाबांना कळणारसुद्धा नाही."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं पीठ खूप बारीक होतं. मग ती दीपकला म्हणाली, आणि या वेळी मालवणीत राग नव्हता, "बापाशीक घेवन ये, बाबा."

"त्यांना काय सांगू मावशी? दोन महिने खोटं बोललो म्हणून? शेवटचं होतं ते त्यांचं. मी ते लपवून ठेवलं, आणि आता लोकांना दाखवतोय."

"सांगू नको काही. आणून बसव."

शनिवारभर दीपकचा फोन बंद होता. मावशी त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा "जाड की बारीक" विचारत होती, जे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला. कोपराला धरून वडील. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, वरचं बटणसुद्धा लावलेलं, जणू कामावर निघालेत. त्यांना वाटत होतं मुलाचं प्रदर्शन दाखवायला आणलंय. बरोबरच होतं ते. गॅलरीच्या बाईही गाडीबरोबर स्वतः आल्या होत्या, वेळेच्या आधी. आम्ही सातहीजण होतो, शिवाय दळणाची रांग.

मावशीने गिरणी बंद केली. गिऱ्हाईक उभं असताना तिने गिरणी बंद केल्याचं चारकोपमध्ये कुणी पाहिलं नसेल. एकदम एवढी शांतता झाली की कुणाचा तरी धक्का लागून झाकण उघडलेल्या डब्यातून शिट्ट्या सुरू झाल्या, त्या घाटकोपरच्या मित्राने धावत जाऊन बंद केल्या.

"बसा, दादा," मावशीने त्यांना स्टूल दिलं. मांडीवर ताटली ठेवली. आणि सातवा डबा उचलून तिच्यात गहू ओतले, भरपूर, ताटली भरून.

वडिलांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. तळव्याने पसरणं, बोटांच्या टोकांनी ओढणं, अंगठ्याने बाजूला सारणं, डावीकडून उजवीकडे, ओळीने. डोळे समोर, रस्त्याच्या उजेडाकडे. आम्ही सगळे त्या हातांकडे पाहत उभे. खडा मिळेना. काडी मिळेना. एका जागी बोट थांबलं, त्यांनी एक किडा चिमटीत धरला आणि खाली टाकला. मग ते हळू झाले. एक दाणा उचलून दाताखाली फोडला. दुसरा फोडला.

गॅलरीच्या बाईंनी माझा दंड धरला होता, का ते त्यांनाही माहीत नसावं.

दीपक त्यांच्या समोर खाली बसला होता, उकिडवा, तोंड वर करून. "बाबा," तो म्हणाला, आणि त्याने ताटलीची कड धरली.

मावशी वाकली. आयुष्यभर हजारो वेळा विचारलेला प्रश्न तिने विचारला, फक्त अगदी हळू. "दादा, निवडलेलं आसा. जाड काय बारीक?"

म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. बोटं पुन्हा एकदा सगळ्या ताटलीतून फिरली, ताग्यावरून फिरावीत तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी मान वर केली, आणि मुलगा जिथे नव्हता त्या दिशेला तोंड करून, साऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते ओरडले:

"अरे, हे दळलेच नाहीत? मग दोन महिने मी कौतुक कुणाच्या चपातीचं करतोय?"